भाकरी हलकी, भात जड? ताटातल्या कार्ब्सचा खरा हिशेब

वजन कमी करायचं ठरलं की मराठी घरात पहिली गदा भातावर येते. मग गव्हाची पोळी जाते आणि तिच्या जागी ज्वारीची भाकरी येते. चहातली साखर जाऊन गूळ येतो, बिस्किटं ‘मल्टिग्रेन’ होतात, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू सुरू होतं. एवढं सगळं निगुतीनं करूनही महिन्याभरानं काटा जिथल्या तिथे. मग कुणी म्हणतं थायरॉईड तपासून घे, कुणी म्हणतं आपल्या घराण्यातच अंग धरायची खोड आहे. थायरॉईड जरूर तपासावं, पण बहुतेक वेळा भानगड साधी असते. धान्य बदललेलं असतं, त्याचं माप बदललेलं नसतं.

हे माप बघायला स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पुरतो. पोळ्या लाटायच्या आधी कणकेचा एक उंडा काट्यावर ठेवा. ४० ग्रॅमच्या आसपास भरला तर त्यात साधारण २५ ग्रॅम कोरडं पीठ आहे, बाकी पाणी. हा झाला एक मध्यम फुलका. घडीच्या पोळीचा उंडा याहून मोठा. त्यात ३५ ग्रॅम पीठ सहज जातं, शिवाय घडीत तेल. आता भाकरीचा गोळा ठेवून बघा. घरोघरी हात वेगळा, पण तवाभर थापलेली भाकरी ६० ते ८० ग्रॅम पीठ खाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ३२० कॅलरी आणि ६४ ग्रॅम कर्बोदकं असतात. ज्वारीत तेवढ्याच वजनाला सुमारे ३३४ कॅलरी आणि ६८ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे जवळपास सारखंच. आता गुणाकार करा. एका फुलक्यात १६ ग्रॅम कर्बोदकं, ७० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४७. एक भाकरी म्हणजे तीन फुलके. ‘मी पोळ्या सोडल्या, आता दोनच भाकऱ्या खाते’ असं सांगणारी बाई हिशेबानं सहा फुलके खात असते, आणि वर भाकरी हलकी म्हणून थोडं लोणीही चालतं.

भाकरी वाईट, असा याचा अर्थ नाही. मला स्वतःला कणकेपेक्षा बाजरीची भाकरी जास्त आवडते, आणि ज्वारी-बाजरी आपल्या कोरडवाहू मातीत कमी पाण्यावर येते, हा फायदा वेगळाच. पण तंतूंच्या बाबतीतही आपण समजतो तेवढा फरक नाही. चाळून कोंडा टाकला नसेल तर कणीक, ज्वारी, बाजरी, नाचणी या सगळ्यांत १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. मागे पडतो तो पांढरा तांदूळ. त्यात तीन ग्रॅमसुद्धा नसतात. तेव्हा मैदा आणि पांढरा तांदूळ कमी करून अख्ख्या धान्याकडे जाणं योग्यच, फक्त तेवढ्यानं वजन उतरत नाही.

याला आता मोठ्या पाहणीचा आधारही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीतून आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असं त्यात दिसलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य आलं पण कर्बोदकांचं एकूण प्रमाण तेवढंच राहिलं, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचं दिसलं नाही. त्यातला थोडा वाटा डाळी-दूध यांसारख्या प्रथिनांकडे वळवला तर धोका कमी आढळला. ही पाहणी संबंध दाखवते, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, हे ध्यानात ठेवायचं. पण दिशा स्पष्ट आहे.

कर्बोदकं पोटात गेल्यावर काय होतं

कर्बोदकं म्हणजे साखर, पिष्ट आणि तंतू. पोळी, भात, बटाटा, साबुदाणा, पोहे यांत मुख्यतः पिष्ट असतं. पचनात त्याचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तात येतं. तंतू पचत नाहीत, पोट भरलेलं ठेवतात आणि बाकीच्यांचा वेग कमी करतात. रक्तातलं ग्लुकोज वाढलं की स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि ते ग्लुकोज पेशींत जातं. काही लगेच जळतं, काही यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतं. हा साठा लहान असतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या आसपास. ग्लायकोजेन म्हणजे ओट्याखालचा पिठाचा डबा समजा आणि चरबी म्हणजे माळ्यावरची साठवण. डबा भरलेला आहे तोवर माळ्यावर कुणी चढत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जास्तीच्या भाताची थेट चरबी होते, असं सरसकट सांगितलं जातं. माणसाच्या शरीरात तसं होतं, पण तुलनेनं कमी. जास्त करून घडतं ते असं: कर्बोदकं आली की शरीर आधी तीच जाळतं, आणि त्याच जेवणातलं तेल-तूप, जे एरवी जळलं असतं, ते साठवणीत जातं. शेवटी परिणाम एकच. त्यामुळे इन्शुलिनला खलनायक ठरवून तूप मोकाट सोडलं तरी सुटका नाही. एकूण खर्चापेक्षा एकूण आवक कमी व्हावी लागते. ग्रॅममागे कर्बोदकांत ४ कॅलरी, प्रथिनांत ४ आणि स्निग्धात ९.

मग कर्बोदकांच्याच मागे का लागायचं? कारण आपल्या ताटात कॅलरींचा मोठा भाग तिथेच आहे. आणि ती चार वेगवेगळ्या नावांनी येतात, त्यामुळे मोजताना निसटतात.

एका दुपारचं ताट

साधं, सणाचं नव्हे असं ताट घेऊ. तीन घडीच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, दीड वाटी भात, त्यावर वरण आणि चमचाभर तूप. डाव्या बाजूला लोणचं आणि दोन चमचे कोशिंबीर.

पोळ्यांचं पीठ १०५ ग्रॅम, म्हणजे ६७ ग्रॅम कर्बोदकं. शिजलेला भात २०० ग्रॅम, त्यातून ५६. बटाटा १२० ग्रॅम धरला तर १८. वरण पातळ आहे, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम तूरडाळ, त्यातून १४. बेरीज १५५. कॅलरी हजाराच्या घरात जातात, कारण पोळ्यांना, फोडणीला आणि भातावर मिळून सहा चमचे स्निग्ध पदार्थ गेले आणि ५ ग्रॅमच्या एका चमच्याला ४५ कॅलरी पडतात. हे ताट कुणाला अघोरी वाटणार नाही. ‘काहीच तर खात नाही मी’ म्हणणाऱ्या माणसाचंच हे ताट असतं.

आता याच्या शेजारी पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना ठेवा. २००० कॅलरींच्या दिवसासाठी त्यांनी धान्य सुचवलंय २५० ग्रॅम, तेही कोरडं, कच्चं वजन, आणि ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. आपल्या ताटात १०५ ग्रॅम कणीक आणि सुमारे ७० ग्रॅम तांदूळ गेला. एका जेवणात दिवसाच्या धान्याचा सत्तर टक्के कोटा संपला. सकाळचे पोहे आणि रात्रीचं जेवण अजून धरलेलंच नाही. उलट बाजूला डाळी-कडधान्यं सुचवली आहेत ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. त्या हिशेबानं आपलं वरण आणि कोशिंबीर फारच मागे आहे.

वजन उतरवायचं असेल तर दिवस २००० कॅलरींचा राहत नाही. बऱ्याच स्त्रियांसाठी तो १२०० ते १५०० आणि पुरुषांसाठी १५०० ते १८०० च्या आसपास येतो. उंची, वय, कामाचं स्वरूप यांनुसार कमी-जास्त. १५०० कॅलरींच्या दिवसात ४५ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतली तर ती होतात १७० ग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे वरच्या एका जेवणाएवढी दिवसभरात!

तेच ताट जरा फिरवू. दोन फुलके, भात नाही. मटकीची दाट उसळ, माणशी ४५ ग्रॅम कोरडी मटकी. पालेभाजी किंवा दुधी-घेवडा-कोबीसारखी भाजी दीड वाटी. वाटीभर दही. कोशिंबीर दोन चमच्यांऐवजी वाटीभर, त्यात दाण्याचं कूट एक छोटा चमचा. सगळं मिळून तेल तीन चमचे. कर्बोदकं ७० च्या आसपास, कॅलरी ६०० ते ६२५. जवळपास ४०० कॅलरी वाचल्या आणि ताट मात्र पहिल्यापेक्षा भरलेलं दिसतं.

या दोन ताटांतली प्रथिनं जवळपास सारखीच आहेत, २३ ग्रॅमच्या आसपास. पहिल्या ताटात ती मुख्यतः पोळ्यांतून आली होती. आपल्याकडे पोळी-भात हा प्रथिनांचाही मोठा पुरवठादार आहे, आणि म्हणूनच नुसतं ‘दोन पोळ्या कमी कर’ म्हणणं अर्धवट सांगणं आहे. पोळ्या कमी केल्या आणि त्या जागी डाळ, दही, अंडं, पनीर, मासा यांतलं काही वाढवलं नाही, तर प्रथिनंही घसरतात. मग संध्याकाळी पाचला माणूस फरसाणाच्या डब्यापाशी सापडतो, आणि उतरणाऱ्या वजनात चरबीसोबत स्नायूही जातात. परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. वरण-भातावर ती भरत नाहीत. पाहुणे आले म्हणून पाणी वाढवलेल्या वरणावर तर नाहीच नाही.

माप कसं घ्यायचं

रोज काटा घेऊन बसणं कुणालाच जमत नाही आणि जमू नये. चार-आठ दिवस मोजा, डोळ्यात माप बसवा, मग काटा आत ठेवून द्या. मात्र मोजायचं ते कच्चं. भाताची गंमत अशी की तो पाणी पितो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० च्या वर कॅलरी, शिजल्यावर त्याचा २८०-३०० ग्रॅम भात होतो, म्हणून १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३० च्या आसपास. मोबाइलच्या ॲपमध्ये भात कच्चा लिहायचा की शिजलेला, यात घोळ झाला तर सगळा दिवस चुकतो. घरात चौघांचा भात एकाच कुकरमध्ये लागत असेल तर तांदूळ काढतानाच माणशी ३० ग्रॅम काढा. त्याचा शिजून ८५-९० ग्रॅम भात होतो, छोटी मूद. कुकर उघडल्यावर ‘आता उरलाय तर संपवू’ हा प्रश्नच येत नाही.

‘एक वाटी’ हे माप तर फारच फसवं. आमटीची वाटी, श्रीखंडाची वाटी आणि स्टीलची पसरट वाटी यांत दीडपट-दुप्पट फरक असतो. घरातली एक वाटी ठरवून टाका, तिच्यात शिजलेला भात किती ग्रॅम मावतो ते एकदा बघा. दाबून भरलेली मूद आणि मोकळा भात यांतही फरक पडतो, पण तेवढ्या खोलात जाऊ नये.

छोटं ताट घ्या म्हणजे कमी खाल्लं जातं, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. त्याला प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वान्सिंक यांच्या प्रयोगांमुळे. पुढे त्यांच्या संशोधनात गंभीर त्रुटी निघाल्या आणि २०१८ पर्यंत त्यांचे बरेच निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. समोर जास्त वाढलं की माणूस जास्त खातो, एवढं मात्र इतरांच्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा छोटं ताट घ्यायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. माझ्या मते त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे पोळ्यांचा डबा आणि भाताचं पातेलं टेबलावर न ठेवणं. कोशिंबीर, भाजी, ताक खुशाल समोर असू दे.

आणि एका जेवणात एकच धान्य. हा काही शास्त्राचा नियम नव्हे, पण आपल्या ताटासाठी याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. पोळी असेल तर भात नाही, भात असेल तर पोळी नाही. कोकणात आणि गोव्यात भात हेच जेवण. तिथल्या माणसाला भात सोडून फुलके खा म्हणणं म्हणजे त्याला चार दिवसांत डाएट सोडायला लावणं. त्यानं भात ठेवावा, उकडा असेल तर उत्तमच, फक्त वाटीभर घ्यावा. कालवणातला मासा एकाऐवजी दोन तुकडे घ्यावा, आणि तळलेल्या तुकडीपेक्षा कालवणातला बरा. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि त्यात कर्बोदकं जवळपास नाहीतच.

खाण्याचा क्रमही थोडा बदलून बघण्यासारखा आहे. आधी कोशिंबीर-भाजी-उसळ, मग पोळी किंवा भात. मधुमेह असलेल्या लोकांवर झालेल्या काही छोट्या प्रयोगांत या क्रमानं जेवल्यावर रक्तातली साखर कमी चढलेली दिसली. वजनावर किती परिणाम होतो हा प्रश्न वेगळा, पण वाटीभर कोशिंबीर आधी पोटात गेली की तिसऱ्या पोळीची ओढ कमी होते, हे कुणालाही घरी अनुभवता येईल.

जिथे हिशेब फुटतो

उपास. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि प्रथिनं नावापुरती. एक बशी खिचडीत ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, अर्धा बटाटा, २० ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप धरा. ५०० च्या आसपास कॅलरी आणि ७५ ग्रॅम कर्बोदकं. शिवाय उपास आहे म्हणून दुसरी बशी, संध्याकाळी वेफर्स, रात्री बटाट्याची भाजी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. भगर थोडीच घेऊन तिच्यावर दाण्याची आमटी, सोबत ताक आणि काकडीची कोशिंबीर हा उपास कितीतरी बरा. भगर हेही धान्यच, तेव्हा तीही मोजूनच.

चहा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते की वरून घातलेली आणि तत्सम मोकळी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्के असेल तर अधिक चांगलं. १५०० कॅलरींच्या दिवसात १० टक्के म्हणजे ३७ ग्रॅम. ती चहातच संपली. गूळ आणि मध हे साखरेचेच भाऊबंद, वजनाच्या बाबतीत त्यांना सवलत नाही.

आंबा. मेमध्ये हा प्रश्न येतोच. मध्यम हापूसचा १५० ग्रॅम गर धरला तर सुमारे २२ ग्रॅम कर्बोदकं, ९० कॅलरी. दीड फुलक्याएवढीच. त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते वाटीभर आमरसात दोन आंबे, वर साखर, त्यावर तूप आणि सोबत चार पोळ्या असल्या की. आंबा चिरून खा, त्या जेवणातला एक फुलका कमी करा, विषय संपला.

आणि आग्रह. याचं माप कुठल्याच तक्त्यात नाही. ‘एवढासाच भात? आमच्याकडचा आवडला नाही वाटतं! घ्या हो भावजी, अर्धी पोळी तरी.’ या अर्ध्या पोळीला नाही म्हणणं म्हणजे माणसं दुखावणं. यावर एकच उपाय चालतो: पहिल्या वाढपात मुद्दाम कमी घ्यायचं आणि मग आग्रहाची अर्धी पोळी मान ठेवून घ्यायची. ‘नको नको’ म्हणत हात आडवा धरण्यापेक्षा ‘वहिनी, उसळ झकास झालीय, तीच वाढा अजून’ हे बोलणं दोघांनाही सोयीचं.

पण ज्यांना कुणी आग्रह करत नाही, त्यांचं काय? बहुतेक घरांत स्वयंपाक करणारी बाई सगळ्यांत शेवटी जेवते. तिच्या वाट्याला येतं ते उरलेलं: तळाचा भात, मुलानं टाकलेली पाऊण पोळी, पातेल्याला चिकटलेली भाजी. उसळ तोवर संपलेली असते. वाया जाऊ नये म्हणून ती हे खाते आणि ‘मी तर धड जेवतही नाही, तरी वजन वाढतं’ असं म्हणते. तिचं म्हणणं खरंच असतं. तिच्या ताटात प्रथिनं आणि भाज्या कमी आणि पिष्ट जास्त, ही घरातल्या वाटपाची बाब आहे. सगळ्यांच्या आधी तिची उसळीची वाटी आणि कोशिंबीर बाजूला काढून ठेवणं, ही वजन कमी करण्यातली तिच्या उपयोगाची पहिली पायरी आहे. उरलेला भात फ्रिजमध्ये जाऊ शकतो, सकाळी फोडणीचा भात होतो.

दोन वेळा की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात हा वाद राजकारणाइतक्या हिरिरीनं घातला जातो. एका बाजूला डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली पद्धत: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचा भर घरच्या, स्थानिक, पारंपरिक अन्नावर आणि थोड्या थोड्या वेळानं खाण्यावर. दोन्हींनी वजन उतरलेली माणसं आपल्या ओळखीत असतात, दोन्हींनी न उतरलेलीही असतात. दोनदा जेवणाऱ्याचा चहा-बिस्किटं-फरसाण आपोआप बंद होतो, म्हणून एकूण खाणं घटतं. पण ५५ मिनिटं हाताशी आहेत म्हणून पाच पोळ्या हाणल्या तर घटत नाही. दर दोन तासांनी खाणाऱ्याला कडकडीत भूक लागत नाही, म्हणून जेवणात हात आवरतो. पण प्रत्येक वेळी मूठभर चिवडा असला तर तोही हिशेब बसत नाही.

परदेशातही असाच वाद स्निग्ध कमी की कर्बोदकं कमी, यावर आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर आणि सहकाऱ्यांनी ६०९ जणांचे दोन गट केले, एकाला कमी स्निग्धाचा आणि दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर दिला. २०१८ मध्ये निकाल आला: पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भरपूर भाज्या खायला सांगितलं होतं. जो प्रकार आपल्याला वर्षभर झेपेल तो निवडावा, असं म्हणायला याहून भक्कम आधार सापडणं कठीण.

कर्बोदकं एकदम तोडली की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि माणूस हरखून जातो. त्यात बरंचसं पाणी असतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डबा रिकामा झाला की ते पाणी जातं, आणि लग्नाच्या एका पंगतीनं डबा भरला की परत येतं. म्हणून एका दिवसाच्या वजनावर हसूही नये आणि रडूही नये. आठवड्याची सरासरी बघावी, आणि टेप घेऊन पोटाचा घेर मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. बीएमआयही (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) आपल्यासाठी २३ पासून जास्त वजनाचा आणि २५ पासून लठ्ठपणाचा मानतात, पाश्चात्त्यांप्रमाणे २५ आणि ३० नव्हे.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र यातलं काहीही आपल्या मनानं सुरू करू नका. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यानं अचानक पोळी-भात निम्मा केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. औषधाचा डोस जेवणाबरोबर कमी करावा लागतो आणि ते डॉक्टरांचं काम आहे. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या आणि अगदी कमी कर्बोदकं हे एकत्र आलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण, वाढत्या वयाची मुलं यांनाही हे आकडे लागू नाहीत.

आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरणं हे चांगलं चाललंय असं समजा. चार-पाच किलो गेल्यावर वेग मंदावतो, कारण लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते. अशा वेळी लगेच अजून एक फुलका कमी करण्याची घाई नको. आधी तेलाची बुधली बघा. महिन्याला घरात किती लिटर तेल येतं, त्याला माणसांनी आणि दिवसांनी भागा. पोषण संस्थेनं २००० कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सांगितलं आहे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल येत असेल तर ते माणशी रोज ३८ ग्रॅम झालं, बाहेरचं वेगळं आणि तूप वेगळं. भाजीवर तरंगणारा तवंग कमी झाला तर दोन्ही फुलके ताटात राहू शकतात.